अस्वलसरांची यादी

प्राण्यांना नुकताच हॉकीचा नाद लागला होता, तेव्हाची गोष्ट. माळावरच्या संघाला अस्वलसर एकच गोष्ट शिकवत, "चेंडू मिळाला की चित्त्याला द्या." चित्त्याने मोसमभर गोलांचा पाऊस पाडला. पण उपांत्य सामन्यात समोरच्या चार लांडग्यांनी त्याला घेरलं आणि माळाचा संघ एकही गोल न करता हरला.

मोसम संपला, तसे सर यादी घेऊन बसले. "ससा, वर्षभरात एक गोल नाही. मुंगूस, तेच. आणि साळिंदर, तू तर मोकळ्या गोलासमोर उभा होतास. तिघेही घरी जा. मी आणखी एक चित्ता आणतो."

"सर, मी काठी उचललीच होती," साळिंदर म्हणाला. "तेवढ्यात तुम्ही ओरडलात, चित्त्याला दे. म्हणून मी चेंडू घेऊन त्याला शोधत फिरलो."

"मी लांडग्यांच्या खाली होतो," चित्ता हळूच म्हणाला.

सरांनी यादीची घडी घालून ती ठेवून दिली. मग त्यांनी कोणालाच काढलं नाही. पुढच्या मोसमात एकच बदल झाला. सामना सुरू होण्याआधी ससा सरांच्या तोंडात मधाचं पोळं कोंबू लागला.