परकराचा नाडा

"आता आणखी काय काढून घेऊ मी तिच्याकडून, मावशी?"

विचारणारी होती जेलर शर्वाणी बिडकर. प्रशिक्षणात पहिली आलेली, नियमावली तोंडपाठ. कुणाला काही विचारायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. आज मात्र ती आपल्या पायांनी चालत हवालदार यमुनाबाईंच्या बाकावर येऊन टेकली होती.

कडेकोट पहाऱ्याच्या त्या महिला बराकीत यमुनाबाईंची तीस वर्षं गेली होती. नवी येणारी प्रत्येक अधिकारी आज ना उद्या या बाकावर यायचीच.

"कुणाकडून?"

"सात नंबरची गिरिजा. चार दिवस अन्नाला शिवली नाही."

गिरिजाची पोर तुरुंगातच आईच्या कुशीत वाढली. सहा वर्षांची झाली, आणि नियमाप्रमाणे तिला बालगृहात धाडलं. मागं राहिला तिचा फुलाफुलांचा परकर.

"बांगड्या काढल्या. ओढणी काढली. दर पंधरा मिनिटांनी डोकावतो आम्ही, डॉक्टर येऊन गेले… शेवटी तो परकरही काढला. नाडा होता त्याला. तिनं जिवाचं काही बरंवाईट केलं तर?"

खोटं कशाला सांगायचं, शर्वाणीला नोकरीची धास्ती होतीच. पण त्या बाईच्या जिवाची धास्ती त्याहून मोठी होती.

"परकर कधी काढलात?"

"सोमवारी."

"आणि जेवण कधीपासून सोडलंय?"

"सोम…"

यमुनाबाईंनी हात पुढं केला.



"कुठाय तो परकर?"

शर्वाणीनं बगलेतलं सीलबंद पाकीट पुढं केलं. यमुनाबाईंनी ते सरळ फाडलं. पंचनामा नाही, सही नाही.

म्हातारीनं परकर नाकाशी नेला.

"धुतला नाहीत, तेवढं बरं केलंत."

मग नाड्याचं एक टोक धरलं आणि नेफ्यातून सर्रकन ओढून काढलं. झालं. चार दिवस जे कुणाला सुचलं नव्हतं, त्याला एवढाच वेळ लागला.

शर्वाणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पहारा… उठवू का?"

"छे. पहारा राहू दे. डॉक्टरांनाही येऊ दे."

"मग हा तुम्हीच देऊन या, मावशी. तुमचं ऐकते ती."

"काढून घेतला कुणी?"

शर्वाणीनं परकर उचलला. दोन पावलं टाकली आणि थांबली.

"आणि एवढं करूनही काही झालं तर? मला झोप नाही लागणार, मावशी…"

यमुनाबाई उठल्या. नाडा गुंडाळून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटली.

"भ्यायचं काम तुमचं, मॅडम. परकर तिचा."