गेनूनं आईला गादी आणली

कोथळवाडीत शहाणी माणसं पुष्कळ होती, आणि भोळा एकच होता. त्याचं नाव गेनू. शहाण्यांच्या गावाला एखादा भोळा परवडतो, म्हणून गेनूचं बरं चाललं होतं.

गेनूचा एकच नियम होता. आईनं सांगितलेलं करायचं. जेवढं सांगितलं तेवढंच करायचं, त्यात आपलं डोकं घालायचं नाही. आईनं "जेव" म्हटलं की तो जेवायचा. आई "पुरे" म्हणायला विसरली, की जेवतच राहायचा.

आईचं नाव अनसूबाई. दिवाळीत घर सारवताना तिची कंबर धरली, ती काही सुटेना. अंथरायला एक गोधडी होती, तीही इतकी विरलेली की खालच्या जमिनीतले खडे मोजून घ्यावेत. म्हातारी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची. डोळ्याला डोळा नाही. वैद्य म्हणाले, "अनसूबाई, आता बरी गादी आणा. नाहीतर अंथरुणाला खिळाल." अनसूबाई घाबरली. स्वतःसाठी नव्हे. आपण खिळलो तर गेनूला "पुरे" कोण म्हणणार, याची तिला भीती वाटली.

गादी आणायला तिनं स्वतः जायला हवं होतं. पण तिला गाडीचे दणके सोसवत नव्हते. मग राहिला कोण?

"गेनबा," ती म्हणाली, "तालुक्याला चंपालालशेठच्या दुकानात जा. गादी नुसती बघून घिऊ नगं. आडवं पडून बघ. पाठीला बरं वाटतंय का बघ."

"बरं," गेनू म्हणाला.

गेनू दुकानात गेला. पहिल्याच गादीवर आडवा पडला. पाठीला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याचा डोळा लागला. गिऱ्हाइकं आली, त्याला ओलांडून गेली. संध्याकाळी शेठ दुकान बंद करायला निघाले, तेव्हा त्यांनी गेनूचे पाय धरून त्याला ओट्यावर ओढून काढलं.

गेनू रिकाम्या हातांनी घरी आला.

"गादी कुठंय?" आईनं विचारलं.

"दुकानात."

"का रं? बरी नव्हती?"

"लई बरी व्हती."

"मंग आणली का न्हाईस?"

"आडवं पडायला सांगितलंस. उठायचं कवा ते सांगितलं न्हाईस."

अनसूबाईनं कपाळाला हात लावला. "आरं, गादी माझ्यासाठी हाय. तुला बरं वाटून काय उपेग? तिथं गेलास की माझा इचार कर. मी हाय असं समज, आन मंग पड."

"बरं," गेनू म्हणाला.

पुढच्या बाजाराला गेनू निघाला. तालुक्याची वेस आली तसा तो कमरेत वाकला. एक हात कमरेवर ठेवला, उपरणं डोक्यावरून घेतलं आणि कण्हत कण्हत दुकानाची पायरी चढला. गादीवर पाठ टेकली मात्र, त्यानं आईसारखा सूर लावला, "आगं आई गं! मेले गं मी!"

दुकानात धावपळ झाली. शेठ घाबरले. आपल्या दुकानात कुणी मरू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. चौघांनी गेनूला उचलला आणि समोरच्या तालमीत वस्तादाकडे नेला. वस्ताद हाडं बसवायचे.

"कुठं दुखतंय?" वस्तादांनी विचारलं.

"कमरंत."

"कधीपासनं?"

"दिवाळी. घर सारवताना."

"झोप लागते?"

"कसली झोप, बाबा. डोळ्याला डोळा न्हाई."

"वय काय?"

"सत्तरी उलटली."

वस्तादांनी गेनूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सत्तरीचा वाटत नाहीस."

"समदी तसंच म्हणत्यात."

"घरी कोण असतं?"

"एक पोरगा हाय," गेनूनं सुस्कारा टाकला. "भोळा हाय, बिचारा."

वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गेनूचा एक पाय आपल्या काखेत धरला, दुसरा शिष्याच्या हाती दिला, आणि बजरंगबलीचं नाव घेऊन दोघांनी ओढलं. मग कमरेला लेप लावून वर घट्ट पट्टा बांधला.

गेनू घरी आला तेव्हा खरोखरच वाकलेला होता. आता घरात दोन कंबरा दुखत होत्या. आईनं सगळं ऐकून घेतलं. तिला हसू आलं, पण हसल्यावर कंबर दुखायची, म्हणून ती रागावली.

"आरं लेका, त्वांड उघडूच नगं तिथं! गुमान हातानं दाबून बघ. दाबली की खाली जाती आन सोडली की वर येती, ती गादी चांगली. दबून ऱ्हाती ती बाद. कळलं?"

"बरं," गेनू म्हणाला.

तिसऱ्या बाजाराला गेनू तोंड मिटून गेला. भर दुपार होती. दुकानात सामसूम होती. चंपालालशेठ पोटभर जेवून गाद्यांच्या थप्पीवर उताणे निजले होते, माश्या नकोत म्हणून अंगावरून पांढरी चादर ओढून. गेनूनं पहिली गादी दाबली. दबून राहिली. बाद. दुसरी दाबली. तीही बाद. मग थप्पीवर ते पांढरं, गुबगुबीत काहीतरी दिसलं. त्यानं दोन्ही हातांनी दाबलं. खाली गेलं. सोडलं. वर आलं. पुन्हा बघतो तर काय, हात न लावताच खाली जातंय आणि वर येतंय! इतकी गुणी गादी गेनूनं जन्मात पाहिली नव्हती. त्यानं चादर चारी बाजूंनी खाली खोचून गुंडाळली आणि गादी खांद्यावर घ्यायला जोर लावला.

शेठ धपकन खाली पडले.

"कोण आहे? कोण आहे रे तू?"

गेनू गप्प.

"बोलत का नाहीस?"

गेनू गप्प. शेठनी डोळे चोळून पाहिलं. "त्या दिवशीचा कमरेवाला तूच का?"

गेनूनं मान डोलावली. तोंड उघडू नको म्हणून सांगितलं होतं, मान हलवू नको म्हणून नव्हतं. शेठनी हाताला लागली ती मोजपट्टी उचलली आणि त्याला चौकापर्यंत पोचवून आले. "पुन्हा पायरी चढलास तर तुझ्याच कातड्याची गादी शिवीन!" असं ते म्हणाले.

म्हणजे आता तालुक्याचा रस्ता बंद झाला. अनसूबाईला रडू कोसळलं. किती आठवडे झाले, पाठ टेकायला धड जागा नाही.  गेनूला वाईट वाटलं. आई रडली की त्याला फार वाईट वाटायचं. पण काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तोही शेजारी बसून रडला.

रडून झाल्यावर आईनं डोळे पुसले. "एक ध्यानात ठेव, गेनबा. झोपलेल्या माणसाला कवाच हात लावायचा न्हाई. कवाच उठवायचं न्हाई. कुणाची सुखाची झोप मोडली की लई पाप लागतं. झोपंची किंमत काय असती ते मला इचार."

"काय असती?"

"जाऊ दे. आता वढ्यापल्याड गुलाबचाचाकडं जा. पिंजारी हाय, भला माणूस. त्याला सांग आन त्याच्याकडनंच गादी भरून आण."

"बरं," गेनू म्हणाला, आणि बैलगाडी जुंपली.

गुलाबचाचा अंगणात कापसाच्या ढिगाला टेकून जरा डोळे मिटून पडले होते. गेनूला पाप नको होतं. तो शेजारी उकिडवा बसला आणि माश्या वारू लागला. एक बाई उशी भरायला टाकायची म्हणून आली. गेनूनं "शूऽऽ" करून तिला परत पाठवली. लग्नाच्या गाद्या सांगायला पाहुणे आले, त्यांनाही वाटेला लावलं. कोंबडा आरवला, तर त्याला ओढ्यापर्यंत पिटाळून आला. चाचांना जाग आली तेव्हा अंगणात गिऱ्हाईक नव्हतं आणि कोंबडाही नव्हता.

पण खरंच भला माणूस. रागावायचं सोडून म्हणाले, "बेटा, इतकी चांगली झोप बायको आल्यापासून लागली नव्हती. बोल, काय पाहिजे?"

"आईला गादी."

"आई झोपते कशी? कुशीवर की पाठीवर?"

"झोपतच न्हाई. म्हणून तर आलो."

"कंबर दुखते?"

"दुखती."

"मग मऊ गादी कामाची नाही. कंबर आत रुतते. कापूस ठासून भरतो, टाके जवळ जवळ घालतो." चाचांनी गेनूसमोर नवा कापूस पिंजला, खोळीत भरला, दाबदाबून टाके घातले. गादी अशी झाली की बघूनच जांभई यावी. ती गाडीत चढवून चाचा म्हणाले, "हे बघ. माझी बोली साफ असते. आज दुपारी आईला हिच्यावर पडू दे. मग तिला विचार, झोप लागली का? लागली म्हणाली, तर गादी तुमची, पैसे सवडीनं दे. नाही म्हणाली, तर दिवस मावळायच्या आत परत आण. मी बदलून देईन."

"बरं," गेनू म्हणाला.

घरी येऊन त्यानं गादी बाजेवर घातली. अनसूबाईनं हात फिरवून पाहिला. मग हळूच बसली, हळूच पाठ टेकली. दिवाळीपासून पहिल्यांदा तिच्या कमरेनं तक्रार केली नाही. "गेनबा, माझं सोनं रं!" ती म्हणाली आणि डोळे मिटले.

"आई," गेनूनं विचारलं, "झोप लागली का?"

"आरं, आत्ता तर पडले."

गेनू बाहेर जाऊन बैलांना पाणी दाखवून आला. "आई, झोप लागली का?"

"न्हाई रं. लागंल."

गेनू चुलीपाशी जाऊन आला. "आई, लागली का?"

"न्हाई म्हणते न्हवं! जा तिकडं!"

गेनू तिकडं गेला. परत आला तेव्हा आई घोरत होती. "आई, झोप लागली का?" त्यानं विचारलं. आई काही बोलेना. त्यानं कानाजवळ जाऊन हळूच विचारलं. आई घोरतच राहिली. लागली, असं काही ती म्हणाली नाही. नाही, असं मात्र दोनदा म्हणाली होती.

गेनू दारात बसला. दिवस कलायला लागला. बोली म्हणजे बोली. गादी परत न्यायला हवी होती. पण गादीवर आई होती, आणि झोपलेल्या माणसाला उठवायचं नव्हतं. गेनूनं जन्मात पहिल्यांदा आपलं डोकं चालवलं. त्यानं शेजारच्या महिपतला हाक मारली.

"एका बाजूनं बाज धर. गाडीत ठिवायचीय."

"म्हातारीला काय झालं?" महिपतनं विचारलं.

"झोप लागत न्हाई."

महिपतनं घोरणं ऐकलं. गेनूकडं पाहिलं. मग त्यानं बाज धरली. गेनूशी वाद घालून जिंकलेला माणूस कोथळवाडीत नव्हता.

गाडी निघाली. वाटेत धोंडे होते, चाकोऱ्या होत्या, ओढ्याचा उतार होता. गाडी गदागदा हलत होती, पण अनसूबाई काही हलली नाही. गादीच तशी होती. विहिरीवरच्या बायकांनी बाजेवर आडवी म्हातारी पाहिली आणि तोंडाला पदर लावला. वाटेवरच्या मळ्यातल्या माळ्यानं टोपी काढली. "कवा झालं रं, गेनू?"

"शूऽऽ," गेनू म्हणाला. "आई झोपलीया."

हे ऐकून माळ्याला हुंदका आला. बायकांनीही हळूहळू गळा काढला आणि सगळे गाडीमागं चालू लागले. गेनू मागं वळून वळून त्यांना गप्प बसायला सांगत होता. तो गप्प बसा म्हणाला की ते जास्त रडत होते.

गाडी चाचांच्या अंगणात थांबली.

"चाचा, गादी घ्या परत. आई न्हाई म्हणाली."

चाचा पुढं झाले. वाकून पाहिलं. अनसूबाईच्या तोंडावर सुख दिसत होतं, आणि घोरण्याचा आवाज तर माळ्यालाही ऐकू आला. माळ्यानं टोपी परत घातली.

"अरे, ही तर झोपलीय!" चाचा म्हणाले.

"व्हय."

"गाडीच्या दणक्यांतसुद्धा जागी झाली नाही?"

"न्हाई झाली."

"मग गादी लागू पडली की, बेटा! गादी तुमची!"

गेनूनं मान हलवली. फसवून कुणाचं घेणारा माणूस नव्हता तो. "तसं आई म्हणायला पायजे. तुमीच म्हणालात, तिला इचार."

"मग विचार की!"

"कसं इचारू? झोपलीया."

चाचा आधी हसले नाहीत. मग कापसाच्या ढिगावर बसले आणि असे खो खो हसू लागले की बैल बुजले, माळी हसला, रडणाऱ्या बायकाही पदराआडून हसू लागल्या. त्या गलक्यानं अनसूबाईची झोप मोडली. तिनं डोळे उघडले. वर आपल्या घराचे वासे नव्हते, उघडं आभाळ होतं. भोवती गाव जमलं होतं, आणि निम्म्यांचे डोळे रडून लाल झाले होते.

गेनू लगबगीनं पुढं झाला. दिवस अजून हातभर वर होता.

"आई, झोप लागली का?"

"मुडद्या!" अनसूबाई कडाडली. "तू जित्ता असंस्तवर मला कुठली रं झोप!"

गेनू चाचांकडं वळला.

"ऐकलंत?" तो म्हणाला, आणि आईच्या खालून गादी ओढायला लागला.