जांभळ्या शिरेचा घेवडा

"…आणि पाचवंही मेलं. आता तुम्हीच सांगा बुवा, यात माझं चुकलं कुठं?"

प्रश्न विचारला खरा, पण धैर्यशीलच्या आवाजात चूक कबूल करायचा सूर नव्हता. कृषी महाविद्यालयातून पहिला आलेला मुलगा तो. पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर, खिडकीतल्या कुंडीत, आईच्या घेवड्याचं एक रोप त्याला जगवता येत नव्हतं. दुःख होतंच, पण रागही तेवढाच होता.

आई वैशाखात गेली. बी किडू नये म्हणून ती राख भरलेल्या डब्यात ठेवायची; त्यात घेवड्याच्या सात बिया निघाल्या. हा घेवडा बाजारात मिळत नाही. गावात विचारलं, तर आता सगळे पाकिटातलंच बी लावतात. सात बियांवर सगळं येऊन ठेपलं होतं.

भैरवगिरी बुवा मठाच्या ओवरीत परात घेऊन शेंगा मोडत बसले होते. आईचे हे गुरू. धैर्यशील त्यांच्याकडे आज पहिल्यांदाच आला होता, तोही वही घेऊन. नजर त्या वहीतच.

"पहिल्या दोन कुजल्या," तो वाचू लागला.

"पाणी?"

"दिवसातून तीनदा. मापानं."

"बुडाल्या बिचाऱ्या. बोट घालून माती बघायची. ओली लागली, तर तांब्या खाली ठेवायचा."

"तिसरीवर पांढरी बुरशी आली. ऊब राहावी म्हणून वर प्लास्टिक घट्ट बांधलं होतं."

"तुला कोंडलं असतं म्हणजे?"

धैर्यशीलनं पान उलटलं.

"चौथी उगवली. वीतभर वाढली आणि आडवी झाली."

"उजेड एकाच बाजूनं असणार. मान लांब करून करून थकली. कुंडी खिडकीला चिकटवायची, रोज थोडी फिरवायची."

"पाचवीला मी उत्तम खत दिलं होतं!"

"किती दिवसांची होती?"

"…सहा."

"सहा दिवसांच्या पोराला पुरणपोळी घातलीस की रे!"

धैर्यशील हसला नाही. त्यानं खिशातून काचेची लहानशी बाटली काढली. घट्ट बूच, आत कापूस, कापसात दोन बिया.

"या शेवटच्या. फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. जिवापाड जपल्यात, बुवा. या मात्र जगल्याच पाहिजेत."

बुवांनी बूच काढलं. वास घेतला. कापूस दमट होता. एक बी तळहातावर घेऊन त्यांनी नखानं हलकेच दाबली. आतून मऊ, काळपट लगदा आला.

दुसरी दाबली. तीही तशीच.

"या गेल्या रे."

…

ओवरीवरून एक कावळा उडून गेला. धैर्यशीलनं वही मिटली.

"म्हणजे… संपलं."

बुवांनी लगदा धोतराला पुसला. मग विचारलं, "कुणाला दिल्या होत्यास का?"

"काय?"

"बिया."

"शेजारच्या कानिटकर काकूंनी एक मागितली होती. त्यांच्याकडे ऊन चांगलं येतं म्हणे. पण मी नाही म्हटलं." त्याचा आवाज चढला. "सातच होत्या बुवा! त्यातली एक कशी देणार?"

"हं."

बुवांनी परात त्याच्याकडे सरकवली. "घे, शिरा काढ. रिकामा बसू नकोस."

शेंगा निवडायला बसवलं म्हणून तो मनातून चिडला. पण शेंग उचलली, टोक मोडलं, शीर ओढली…

आणि हात थांबला.

शीर जांभळी होती. दोऱ्यासारखी, टोकापासून टोकापर्यंत. त्यानं शेंग नाकाशी नेली. थंडीच्या दिवसांत शाळेतून आलं की स्वयंपाकघरात हाच हिरवा, उग्र वास भरलेला असायचा. आई पाय पसरून बसलेली, मांडीवर सूप, आणि "हात धुतल्याशिवाय शेंगांना हात लावू नकोस" हे ठरलेलं.

"बुवा… ही आईची शेंग आहे."

"सुलाबाईचीच. अकरा वर्षं झाली. उत्सवाला आली, पदराची गाठ सोडली आणि बिया ओंजळीत ओतल्या. मी म्हटलं, अगं, घरी ठेव. तर मलाच दटावते! म्हणते, बुवा, माझ्या घरात उंदीर फार. तुमच्याकडे असू द्या."

धैर्यशीलला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. शेंग मुठीत तशीच धरून त्यानं बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. हिशेब मागायला आलेला तो आता उपकाराखाली वाकला होता.

"ऊठ, ऊठ. शेंगा राहिल्यात."

शेंगा निवडून झाल्यावर बुवा त्याला आपल्या खोलीत घेऊन गेले. खिडकीच्या फळीवर करवंट्या मांडल्या होत्या, प्रत्येकीत दोन पानांचं कोवळं रोप. कोपऱ्यात राखेचं मडकं. बुवांनी त्यात हात घातला, मूठभर बिया काढल्या, फुंकर मारून राख उडवली आणि धैर्यशीलच्या रुमालात गाठ मारून दिल्या.

गाठ छातीशी धरून तो दारापर्यंत गेला. मग राहवलं नाही. परत फिरला. वही उघडली.

"बुवा, खिडकीत ऊन दहानंतर येतं. पाणी कमी देईन, कुंडी फिरवेन, खत इतक्यात नाही. फक्त एवढं सांगा, माझ्या कुंडीत बिया कधी पेरू?"

बुवा करवंटीतल्या मातीत बोट घालून ओल बघत होते. मान वर न करता म्हणाले,

"कानिटकर काकूंकडे उगवल्या की."