निळ्या गुरामीचा दगड

एकदा एका थकलेल्या गृहस्थाने मनःशांतीसाठी मासे पाळायचे ठरवले. रंगीत मासे पाहत बसले की चित्त स्थिर होते, असे त्याला कुणीसे सांगितले होते. सांगणाऱ्याचे काय जाते! गृहस्थाने काचेची लहानशी पेटी आणून बैठकीच्या खोलीत मांडली आणि दुकानात जो जो रंग डोळ्यांत भरला तो तो मासा उचलला. आधी एक निळा गुरामी. मग शेंदरी गोल्डफिशची जोडी. मग पट्ट्यापट्ट्यांचे टायगर बार्ब. महिना उलटतो न उलटतो तोच गोल्डफिशच्या शेपट्या कुरतडल्या गेल्या, बार्ब दिसेल त्याच्या मागे लागले, आणि गुरामी तर आपल्या काळ्या दगडाजवळ कुणाला फिरकू देईना. शांतता राहिली बाजूला, पेटीतच महाभारत सुरू झाले.

घरात ते आधीपासूनच चालू होते. गृहस्थाची थोरली बहीण, आक्का, वैधव्य आल्यावर त्याच्याकडे राहायला आली होती. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवले होते. पण दोन खोल्यांच्या घरात आक्का आणि पत्नी यांचे रोज कशावरून तरी वाजे. आज पोळपाटाच्या जागेवरून, उद्या देवापुढच्या दिव्यावरून. "त्यांनी थोडं जमवून घ्यावं," पत्नी म्हणे. "मी पाय कुठे ठेवू ते तरी सांगा," आक्का म्हणे. हा दोघींचे ऐके, दोघींपुढे मान हलवी आणि खिडकीजवळच्या आपल्या आरामखुर्चीत जाऊन पडे. अखेर एके दिवशी आक्काने आपली पिशवी भरून दाराशी ठेवली. "रविवारी मला वृद्धाश्रमात सोड," एवढेच म्हणाली. रडलीसुद्धा नाही, आणि त्याला तेच जास्त लागले.

त्याच गावात त्याचे शाळेतले वृद्ध गुरुजी राहत होते. जन्मभर मुलांना जीवशास्त्र शिकवून आता ते गुडघे सांभाळत बसलेले असत. शिष्य त्यांच्याकडे गेला खरा, पण घरचे गाऱ्हाणे सांगायची त्याला लाज वाटली. म्हणून त्याने माशांचे सांगितले.

"गुरुजी, मी अगदी कंटाळलोय. एवढंच सांगा, पेटीतून कुणाला काढू?"

शनिवारी सकाळी गुरुजी काठी टेकत घरी आले. पेटीसमोर स्टुलावर बसून त्यांनी बराच वेळ नुसते पाहिले.

"निवडलेस कशावरून?"

"रंगावरून."

"मग त्यांचा काय दोष? गोल्डफिशला गार पाणी लागतं आणि ऐसपैस जागा लागते. तू तिला कोमट पाण्यात आणि एवढ्याशा पेटीत ठेवलंस. बार्ब म्हणजे खोडकर टोळकं. समोर लांब शेपटी दिसली की त्यांना राहवत नाही. यांत वाईट कुणीच नाही. पण ज्यांचं पाणीच वेगळं, स्वभावच वेगळा, त्यांना एकत्र कोंडायचं ही माया नव्हे, नुसती हौस. यांना परत दे."

दोघे मिळून दुकानात गेले. गोल्डफिश आणि बार्ब परत दिले आणि गुरुजींच्या सांगण्यावरून शिष्याने गुरामीचीच एक मादी घेतली. दिसायला अगदी साधी, फिकट. त्याच पाण्यात राहणारी, तेच खाणारी. घरी आल्यावर तिची पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवून गुरुजींनी तिला अलगद आत सोडले. शिष्याला वाटले, चला, सुटलो एकदाचे. तेवढ्यात निळा गुरामी काळ्या दगडामागून सुसाट आला. ती बिचारी वरच्या कोपऱ्यात अंग चोरून थांबली. जरा हलली की हा धावून जाई.

शिष्य मट्कन खाली बसला. "पाणी एक, जात एक, तरी हेच! मग हिलाही परत देऊ?"

गुरुजींनी बाह्या सरसावल्या, दोन्ही मासे जाळीने बादलीत काढले आणि पेटीतला काळा दगड उचलला. मग मातीचे मडके, मग एकेक झाड. सगळे बाहेर आले. मग सगळे पुन्हा आत गेले, पण एकही वस्तू मूळ जागी गेली नाही.

"गुरुजी, नवी आली ती एकटी. तिच्यापुरता एक कोपरा केला असता तर भागलं असतं. मांडलेलं सगळं कशाला मोडलंत?"

"कोपरा दिला असता, तर तोही याच्याच घरातला कोपरा झाला असता," गुरुजी हात पुसत म्हणाले. "याला इथला दगड न् दगड पाठ. तिला पोहायला जागा आहे, पण तिचं असं काही नाही. आपण नव्याला सांगतो, जमवून घे बाबा. आणि जुन्याची मात्र काडी हलवत नाही. आता दोघंही नवे झाले. पाणी वेगळं असेल तर वेगळं करावं, त्यात पाप नाही. पण पाणी एक असेल, तर माणसानं आधी दगड हलवून पाहावेत."

त्यांनी दोन्ही मासे एकाच वेळी आत सोडले. निळा गुरामी गोंधळून पेटीभर आपला दगड हुडकू लागला. पाठलाग करायला त्याला उसंतच नव्हती. ती सावकाश खाली उतरली आणि मडक्याआड जाऊन राहिली.

आक्काने केलेला चहा पिऊन गुरुजी गेले. शिष्य पेटीकडे पाठ करून घराकडे पाहू लागला. आक्काची ट्रंक येण्याजाण्याच्या वाटेत अर्धी भिंतीला, अर्धी पलंगाखाली. आक्कासाठी फळी रिकामी करताना पत्नीने उचललेले डबे फ्रिजवर रचलेले. दोघींनी काही ना काही हलवले होते. त्याचे कपाट, त्याचे टेबल, खिडकीजवळची त्याची आरामखुर्ची मात्र जिथल्या तिथे होती. इतके दिवस आपण या भांडणाच्या बाहेर आहोत असे तो समजत होता. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

त्याने पत्नीला हाक मारली. "जरा या कपाटाला हात लाव."

"अहो, पण न्यायचंय कुठे?"

"ते अजून ठरलेलं नाही. आक्कालाही बोलव."

आक्का आली. कपाट ओढायला वाट हवी होती, म्हणून तिने दाराशी ठेवलेली आपली भरलेली पिशवी उचलली आणि ती हातात धरून उभी राहिली.

"ही कुठे ठेवू?"

पत्नीने पदर खोचला आणि कपाटाला खांदा लावला. "थांबा जरा, वन्सं," ती म्हणाली. "आता माझंही काही जाग्यावर नाही. तिघं मिळून बघू."