दहावा बार

रानं जेव्हा गावांच्या कुसाला भिडलेली होती, तेव्हाची, फार पूर्वीची ही गोष्ट.

डोंगरातल्या एका गावाला वाघाने धाक घातला होता. पाणवठ्यावरून त्याने दोन बायका उचलल्या. त्यांतली एक, रात्री गावावर पहारा देणाऱ्या जागल्याची धाकटी बहीण.

पाटील जागल्याला म्हणाले, "राजधानीच्या बाजारातून चकमकीची एक बंदूक आण. नीट पारखून घे. निवड चुकली, तर वाघ दुसरी संधी द्यायचा नाही."

जागल्या त्याच दिवशी राजधानीच्या वाटेला लागला.

बाजारात पहिल्याच दुकानात रुपेरी वेलबुट्टीची देखणी बंदूक होती. "हिचा बार कधी वाया गेलाच नाही," दुकानदार म्हणाला.

"मग दहा बार काढून दाखवता?"

"अशा वस्तूची कुणी परीक्षा घेतं होय?" दुकानदार रागावला.

शेजारच्या दुकानात राजाच्या कारखान्यातल्या बंदुका होत्या. साध्या, सगळ्या एकसारख्या. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने लगेच दहा बार काढायला घेतले. नऊ उडाले. दहाव्याला ठिणगीच पडली नाही.

जागल्याचा चेहरा उतरला. "समोर वाघ असता तर?"

"तर तू मेला असतास," म्हातारा म्हणाला. "ठिणगी पाडणारी गारगोटी झिजली की असं होतं. रोज तिची धार बघ, बोथट झाली की बदल. दवाने दारू दमट होते, ती झटकून कोरडी घाल. एवढं केलंस तर ही दगा देणार नाही."

जागल्याने तीच घेतली, पण वाटभर त्याला तो दहावा बार छळत राहिला. दहावा बार उडालाच नाही, हे ऐकून गावात लोक हसले.

आठ दिवस तो पाणवठ्यावर पहारा देत बसला. नवव्या सकाळी धुकं होतं. गारगोटी बोथट लागली; त्याने ती बदलली, दारूही नवी घातली. तेवढ्यात झुडूप हललं आणि वाघ पाणी भरायला आलेल्या पाटलांच्या सुनेवर झेपावला. जागल्याने चाप ओढला. ठिणगी पडली. बार उडाला.

वाघ काठावरच कोसळला. जागल्या बहिणीचं नाव घेऊन रडू लागला.

पाटील धावत आले. "ही बंदूक दगा देणार नाही, हे तुला कसं कळलं रे?"

"ते कुठं कळलं होतं, पाटील! कुठं दगा देईल, तेवढं ठाऊक होतं."

म्हणून म्हणतात, जो आपल्या मालाची उणीव आधी सांगतो, त्याच्याच मालावर जीव सोपवावा.