मानाजीची मान

“मेंढीपुढे मान खाली घालू? मी?” मानाजी बैलाने तळ्याच्या पायरीवर तिसऱ्यांदा तेच विचारलं, आणि घसा कोरडा पडल्यामुळे शेवटचा शब्द आतच अडकला.

“मेंढीपुढे नको घालूस, पाण्यापुढे घाल,” ठकूबाई गाढवीण म्हणाली. “ती नुसतं कसं घालायची ते सांगते.”

“ठके, तुला काय जातंय बोलायला? गाढविणीची मान. कुणी कधी मोजलीय का ती?”

“नाही मोजली, म्हणूनच शाबूत राहिली.”

दोघं भर दुपारी भांडत होती आणि दोघांनाही भांडायचं त्राण नव्हतं.

त्या राज्यात तळ्याचं पाणी दर वर्षी वीतभर खाली जाई आणि रहिवाशांच्या माना दर वर्षी तेवढ्याच ताठत. पाणी उतरायला ऊन कारण होतं. माना ताठायला एक शब्द कारण होता. तिथल्या भाषेत ‘मान खाली घालणं’ म्हणजे एकच गोष्ट : काहीतरी लाजिरवाणं हातून घडलेलं असणं. चोर मान खाली घाली, हरलेला घाली, ज्याच्या घरचा बोभाटा झाला तो घाली. वासरू जन्मलं की आई त्याला चाटायच्या आधी त्याची हनुवटी वर करी. पाणी प्यायचं तर वाकावंच लागतं, म्हणून ते काम जो तो इकडेतिकडे बघत, चोरी केल्यासारखं उरकून घेई. पुढे तेही जमेना. मग दवावर आणि ओल्या गवतावर दिवस निघू लागले. उन्हाळ्यात दव कुठलं? दर वैशाखात कुणीतरी वरच्या पायरीवर बसल्या जागी संपे, आणि बाकीचे म्हणत, “मानाने गेला.” ‘मानेने गेला म्हणा,’ असं ठकूबाई ओरडून सांगे, पण गाढविणीचं व्याकरण कोण ऐकून घेणार?

शेवटी पंच बसले. माना मोकळ्या करायला योगगुरू नेमायचा, असं ठरलं. आता आसनांना नावं प्राण्यांचीच. तेव्हा ज्याच्या नावाचं आसन तो त्यातला जाणकार, असं पंचांनी बसल्या बसल्या धरून टाकलं.

“मग आपल्या उंटाला विचारा की,” ठकूबाई म्हणाली. “उष्ट्रासन जन्मात कधी केलंय का त्याने?”

उंटाने खरं सांगितलं, की असं काही असतं हे तो आजच ऐकतोय. खरं बोलल्याबद्दल त्याचं नाव तिथल्या तिथे यादीतून कमी झालं.

वटवाघूळ आलं. त्याच्या म्हणे सात पिढ्या उलट्या लटकलेल्या. पहिल्याच दिवशी रेड्याने फांदी खाली आणली, आणि वटवाघळाने ‘शिष्यांची तयारी कमी’ असं सांगून प्रस्थान ठेवलं. मग फणींद्रगुरुजी आले. भुजंगासन त्यांच्याच घराण्याचं. चकचकीत अंग, डुलणारा फणा, आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं आपलं निम्मं दुखणं आत्ताच गेलं. त्यांना खांदे नव्हते, गुडघे नव्हते, ओझ्याखाली गेलेली पाठ नव्हती. ते सगळ्यांना पालथं निजवत आणि म्हणत, “वर! आणखी वर! वा!” आईने जन्मल्या जन्मल्या सांगितलेलंच गुरूही सांगतो म्हटल्यावर राज्य हरखून गेलं. तळ्याच्या काठावर सकाळ-दुपार वर्ग भरू लागला.

ठकूबाईला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. जे येत होतं ते लाथा खाऊन आणि देऊन आलं होतं. पण गुरू पारखायची तिची एक रीत होती. ती गुरूकडे बघतच नसे. ती शेवटच्या रांगेकडे बघे, आणि वर्ग सुटला की पाण्याशी जाऊन उभी राही.

शेवटच्या रांगेत एक म्हातारी म्हैस डोळे मिटून रडत होती. “दुखतंय म्हणजे लागू पडतंय,” असं गुरुजींनी तिला लांबूनच सांगितलं. वर्ग सुटला. पाण्याशी कुणीही आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. पंधराव्या दिवशी ठकूबाईने जाणं सोडलं आणि तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठाला गेली.

तिथे हौसा नावाची मेंढी राहायची. मेंढ्यांच्या माना मुळातच खाली, म्हणून त्या राज्यात त्यांना कुणी विचारत नसे. ही तर कड्यावरून पडलेली; मान वाकडी होऊन तीन वर्षं खडकाच्या खळग्यातलं पाणी चाटत जगलेली, आणि मग बोट-बोट करत सरळ झालेली. तिच्याकडे शिकायला तिघं होती : एक हरणी, एक लंगडी घोडी, आणि दुसरं कुणी जवळ करत नाही असं एक तरस.

बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. हौसा प्रत्येकापुढे दगडावर गवताची काडी ठेवी. काल होती त्यापेक्षा बोटभर खाली. मग फिरून प्रत्येकाच्या बरगडीला कान लावी. श्वास अडला की म्हणे, “बास. आज एवढंच.” स्वतः एकदाही काही करून दाखवलं नाही.

“हेच?” ठकूबाई म्हणाली. “एवढ्यासाठी मी उन्हातून वळसा घालून आले?”

“बोलावलं कुणी होतं, बाई?” हौसा रवंथ न थांबवता म्हणाली. “आलीच आहेस तर सांग, उजवा खांदा किती वर्षांपासून दुखतोय?”

ठकूबाईने तो खांदा कुणालाही सांगितला नव्हता. तेवढ्यात ती तिघं पाण्याशी गेली आणि प्यायली. प्यायल्याचा तो मोठा, ओंगळ, लाज नसलेला आवाज ठकूबाईने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. एकोणीस दिवसांनी तिने स्वतः तसाच आवाज केला.

इकडे मानाजी गुरुजींच्या पहिल्या रांगेत होता. त्याची मान सगळ्यांत वर जाई. गुरुजी नवख्यांना ती दाखवत. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडली, आणि ती खाली घसरू नये म्हणून तो झोपतानाही हनुवटी टेकवेनासा झाला. तीन दिवसांपासून त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. नाकपुड्या पांढऱ्या पडल्या होत्या, जीभ दगडासारखी झाली होती. ठकूबाई आणि तो, दोघांनी राज्याच्या तटाचे दगड अकरा वर्षं वाहिले होते. तिच्या शेजारून चाललेल्यांतला आता हा एकटाच उरला होता.

म्हणून आज तिने त्याला ढकलत, चावत, शिव्या घालत शेवटच्या पायरीपर्यंत आणलं होतं. हौसाही आली होती. तिने मानाजीच्या बरगडीला कान लावला, पाण्याकडे पाहिलं आणि ठकूबाईला हळूच सांगितलं, “पुढचे पाय पाण्यात घालून उभा राहिला तर चारच बोटं वाकायचंय. तेवढी मान अजून आहे त्याच्यात. पण उद्या नसेल.” आणि ती बाजूला जाऊन उभी राहिली.

चार बोटं! त्यासाठी दुपार सरत आली होती.

“गुरुजी काय म्हणतील?” मानाजी म्हणाला.

“गुरुजींना दूध वाटीतून तोंडाशी मिळतं. ते काय म्हणायचेत?”

“अगं, पण वर बघ ना. दुपारचा वर्ग बसलाय. अख्खं राज्य आहे काठावर. त्यांच्यात मी पहिल्या रांगेतला. आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी... नाही ठके. मेलो तरी चालेल, ते बघतायत.”

ठकूबाईचा खांदा ठणकत होता. ती त्याच्या शेजारी पायरीवर मटकन बसली आणि तिने काठावरच्या त्या वर्गाकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदा सावकाश पाहून घेतलं.

“मानाजी,” ती म्हणाली, “तिथं सगळ्यांच्या माना वर आहेत रे, तू खाली वाकलास तर बघणार कोण?”