धुरापलीकडचा दिवा

पूर्वी दीपवती नगरीत चंद्रकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे मंत्री होते. त्या नगरीला उजेडाचा भारी सोस. रस्तोरस्ती दीपमाळा, ओसाड बागेतसुद्धा दिवे. त्यांचे तेल दूर एका दरीत निघे. तिथे भट्ट्यांवर करंजाच्या बिया सतत कढत आणि धूर दरीतच कोंडून राही. उजेड नगरीचा आणि धूर दरीचा, अशी ती कोणी न बोलता झालेली वाटणी होती.

दरीकाठी बिंबा नावाची म्हातारी राही. तिची लेक रेवा समोरच्या डोंगरावर दिलेली. तिकडची रीत अशी, की सासरी गेलेल्या लेकीने तिन्हीसांजेला अंगणात दिवा उंच धरायचा आणि आईने इकडून धरायचा. एवढ्यात खुशाली कळे. भट्ट्या लागल्या तेव्हा रेवा पोटुशी होती. धुराने दरीतली वाट बंद झाली आणि पलीकडचे दिसेनासे झाले. म्हातारी तरीही रोज दिवा धरून उभी राही.

हे राजाच्या कानावर गेले. राजा मनाचा वाईट नव्हता. त्याने तिच्या अंगणात दीपमाळच बांधून दिली. तिच्या तेलासाठी दरीत आणखी एक भट्टी लागली.

बोधिसत्त्व तिथे गेले, तेव्हा बिंबा दीपमाळेकडे पाठ करून बसली होती.

"आजी, काय हवं तुम्हाला?"

"ह्यातलं काही नको, बाबा. माझ्या लेकीचा दिवा तेवढा दिसू दे. बाळंतपणातून उठली का नाही, तेही ठाऊक नाही मला."

 परत येऊन बोधिसत्त्व राजाला म्हणाले, "महाराज, ज्याला उजेड हवा, त्याने धूरही घ्यावा. दरीतल्या भट्ट्या नगरीत आणू. पहिली माझ्या परसात लावा."

तशी ती लागली. मंत्र्यांचे घर काळवंडले, शेजारी राजवाड्यात राजा खोकू लागला. ओसाड बागेत दिवे कशाला, हा प्रश्न नगरीला तेव्हा सुचला. निम्मे दिवे लोकांनी आपणहून विझवले, उरलेल्यांपुरत्या भट्ट्या नगरीत आल्या आणि दरीत एकही भट्टी उरली नाही.

दरी निवळली. बिंबा दिवा घेऊन उभी राहिली. पलीकडे अंधारच होता. हात भरून आला, तरी तिने तो खाली घेतला नाही. बऱ्याच वेळाने समोर एक दिवा वर झाला. त्याच्या शेजारी, पुष्कळ खाली, दुसरा एक दिवा हलत होता. रेवाचे मूल दिवा धरण्याएवढे झाले होते.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे विहारात आज दीपोत्सव मांडणारा हा श्रेष्ठी. बिंबा ती, मागे बसलेली वृद्ध भिक्षुणी. मंत्री मी होतो. दुसऱ्याच्या वाट्याला लोटलेला धूर आपल्या दारी आणणे, हीच करुणा."